सापाची जाहिरात कशी वाचायची: वय, ब्रीडिंग आणि हेटचे आकडे, एकेक पायरी घेऊन

"१.२ बॉल पायथन, सीबी २०२३, नर पास्टेल १०० टक्के हेट क्लाऊन, माद्या ६६ टक्के हेट क्लाऊन, सब-अडल्ट, एफटी खातात, नर प्रूव्हन."

विक्रीच्या पोस्टमध्ये अशी एक ओळ असते आणि खाली दोन-तीन फोटो. नवीन माणसाला यातलं बॉल पायथन, म्हणजे घरी पाळला जाणारा एक छोटा अजगर, सोडलं तर फारसं काही कळत नाही, मग तो रंग बघतो, नमुना बघतो आणि घेऊन टाकतो. पण नीट ठेवला तर बॉल पायथन वीस-तीस वर्षं सहज जगतो, म्हणजे ही एक ओळ न समजता घेतलेला निर्णय पुढे खूप वर्षं सोबत राहतो, आणि त्या सापाचं खाणं, तब्येत, पुढची पिल्लं हे सगळं त्या ओळीत आधीच लिहिलेलं असतं. म्हणून ही भाषा शिकून घ्या, अवघड अजिबात नाहीये.

सगळ्यात महत्त्वाचं एकच सांगतो, बाकी लेख त्याच्यावरच आहे. जाहिरातीतला प्रत्येक शब्द तीनपैकी एका प्रकारचा असतो: विकणाऱ्याने स्वतः पाहिलेलं, कुठेतरी नोंदवून ठेवलेलं, किंवा नुसता अंदाज. "अमुक तारखेला माझ्याकडे अंड्यातून बाहेर आला" हे पाहिलेलं. "आई-बाप हे होते, ही नोंद" हे नोंदवलेलं. "वाटतंय दोन वर्षांचा असेल" हा अंदाज. तिन्ही गोष्टी जाहिरातीत एकाच ठसक्यात लिहिलेल्या असतात, आपल्याला त्या वेगळ्या करायच्या आहेत.

पायरी १: साप आला कुठून ते आधी बघा

वय आणि हेट (म्हणजे आत असलेला पण न दिसणारा जीन, पायरी ४ मध्ये येईल) नंतर, आधी उगम, कारण उगम कच्चा असेल तर पुढचे सगळे शब्द कच्चे.

सीबी म्हणजे कॅप्टिव्ह ब्रेड, आई-बापाचं मेटिंगही माणसाच्या देखरेखीत झालं आणि पिल्लंही तिथेच झाली. काहीजण सीबीबी लिहितात, कॅप्टिव्ह ब्रेड अँड बॉर्न, व्यवहारात दोन्हींचा अर्थ तोच. हा शब्द असेल तर विचारायचं एवढंच की कोणी ब्रीड केलं, तुम्ही स्वतः की तुम्ही दुसऱ्याकडून घेतलाय, कारण दुसऱ्या-तिसऱ्या हातातून आलेल्या सापाच्या बाबतीत "सीबी" ही बऱ्याचदा ऐकीव माहिती असते.

सीएच म्हणजे कॅप्टिव्ह हॅच्ड आणि इथे लोक हमखास फसतात, कारण सीबी आणि सीएच पटकन वाचताना सारखंच वाटतं. सीएचमध्ये पिल्लू माणसाकडे अंड्यातून बाहेर आलेलं असतं हे खरं, पण मेटिंग जंगलात झालेलं असतं. पोटात अंडी असलेली मादी पकडून आणली, तिने अंडी घातली, किंवा अंडीच जमिनीतून काढून आणली आणि उबवली. बॉल पायथनच्या बाबतीत घाना, टोगो आणि बेनिन या पश्चिम आफ्रिकेतल्या देशांतून हे खूप मोठ्या प्रमाणात चालत आलंय, त्यालाच रँच्ड किंवा फार्म हॅच्ड म्हणतात. अशा पिल्लाला बाप कोण ते कुणालाच माहीत नसतं, त्यामुळे सीएच पिल्लासोबत "हेट अमुक" असं लिहिलेलं दिसलं तर तिथेच थांबा आणि कशावरून ते विचारा.

"फार्म ब्रेड" हा शब्द तर त्याहून गोंधळाचा, त्याचा अर्थ लिहिणाऱ्यावर अवलंबून असतो. कधी खरंच फार्ममध्ये मेटिंग झालेलं असतं, कधी वरचाच प्रकार असतो. सरळ विचारा, आई-बाप दोघं फार्मवर होते का.

डब्ल्यूसी म्हणजे वाइल्ड कॉट, जंगलातून पकडलेला. एलटीसी म्हणजे लाँग टर्म कॅप्टिव्ह, हा सुद्धा पकडलेलाच, फक्त बराच काळ माणसाकडे राहिलेला. "बराच काळ" म्हणजे किती याला काही ठरलेलं माप नाही, काहींसाठी सहा महिने, काहींसाठी सहा वर्षं. पकडलेल्या सापात आतले परजीवी, गोचिड्या, माइट्स आणि खाणं सोडणं हे सगळं जास्त दिसतं, आणि त्याचं वय कुणीही सांगू शकत नाही. डब्ल्यूसी किंवा एलटीसीच्या पुढे "वय ४ वर्षं" असं लिहिलं असेल तर तो अंदाज आहे, दुसरं काही असूच शकत नाही. माझं मत विचाराल तर पहिला साप म्हणून हा प्रकार घेऊच नका, सापासाठीही आणि जंगलासाठीही.

देश ओलांडून आलेल्या सापाचे कागद असतील तर त्यावर सायटिसचा, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचा, उगम-कोड असतो आणि तो वाचता आला तर जाहिरातीतला दावा लगेच तपासता येतो. डब्ल्यू म्हणजे जंगलातून, आर म्हणजे रँच्ड, सी म्हणजे सायटिसच्या व्याख्येत पूर्ण बसणारा कॅप्टिव्ह ब्रेड, आणि एफ म्हणजे माणसाकडे जन्मलेला पण त्या व्याख्येत न बसणारा. जाहिरातीत सीबी आणि कागदावर आर असेल तर कागदावर विश्वास ठेवा. बॉल पायथन सायटिसच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवाना लागतोच. आणि तुम्ही जिथे राहता तिथे ती जात पाळायला परवानगी आहे का, नोंदणी लागते का, हे विकणाऱ्याला नाही तर संबंधित सरकारी खात्याला विचारायचं, तेही साप घेण्याआधी.

पायरी २: वयाचे शब्द, आणि आकारावरून वय का कळत नाही

हॅचलिंग म्हणजे नुकतंच अंड्यातून आलेलं पिल्लू. निओनेट म्हणजे नवजात, हा शब्द जास्त करून बोआसारख्या पिल्लं देणाऱ्या सापांसाठी वापरतात कारण तिथे उबवायला अंडं बाहेर येतच नाही. जुवेनाइल म्हणजे खायला लागलेलं, वाढतं पिल्लू. यर्लिंग म्हणजे साधारण वर्षाचं. सब-अडल्ट म्हणजे मोठं दिसतंय पण ब्रीडिंगला तयार नाही. अडल्ट म्हणजे पूर्ण वाढलेलं. यातल्या हॅचलिंग, निओनेट आणि यर्लिंग या तीनच शब्दांत थोडाफार काळाचा हिशोब आहे, बाकीचे सगळे शब्द आकाराचे आहेत आणि विकणारा आपल्या सोयीने ते पुढे-मागे सरकवू शकतो.

साप वाढतो तो खाण्यावर. एकाच क्लचमधली, म्हणजे एका वेळी घातलेल्या अंड्यांमधली, दोन भावंडं घ्या, एकाला मोठा उंदीर दर पाच दिवसांनी आणि दुसऱ्याला माफक खाणं दहा-बारा दिवसांनी दिलं, तर दीड वर्षाने ती भावंडं वाटणार पण नाहीत. त्यामुळे १२०० ग्रॅमची बॉल पायथन मादी दोन वर्षांचीही असू शकते आणि चार वर्षांचीही. लवकर ब्रीड करण्यासाठी ठासून खाऊ घालणं, ज्याला पॉवर फीडिंग म्हणतात, त्यात साप आकाराने "अडल्ट" होतो पण शरीर आतून तेवढं तयार नसतं, चरबी मात्र साठते. म्हणून वजन आणि हॅच तारीख दोन्ही एकत्र विचारायचं, एकटं वजन किंवा एकटं वय यातून काही कळत नाही.

अंदाजासाठी काही आकडे डोक्यात ठेवा. बॉल पायथनचं पिल्लू अंड्यातून येताना साधारण ५० ते ८० ग्रॅमचं असतं, कॉर्न स्नेकचं जेमतेम ५ ते १० ग्रॅम. बॉल पायथनची मादी ब्रीडिंगला घ्यायची तर बहुतेक अनुभवी ब्रीडर १५०० ग्रॅमच्या आसपास वजन आणि तिसरं वर्ष, दोन्ही बघतात, नर मात्र ६००-७०० ग्रॅमलाच तयार होतो. कॉर्न स्नेकच्या मादीसाठी तीन तीनचा नियम सांगतात: ३ वर्षं, ३ फूट, ३०० ग्रॅम. बोआच्या मादीला याहून जास्त काळ थांबावं लागतं, चार-पाच वर्षं धरून चाला.

सीबी २०२३ मधलं २०२३ म्हणजे जन्माचं वर्ष. पण जानेवारीतलं पिल्लू आणि डिसेंबरमधलं पिल्लू दोन्ही "२०२३"च, आणि लहान सापात अकरा महिने म्हणजे फार मोठा फरक. ज्याने स्वतः ब्रीड केलंय त्याच्याकडे महिना तरी असतोच, बहुतेकांकडे तारीख असते. "२०२३ कधी?" एवढा प्रश्न विचारून बघा, उत्तर किती पटकन येतं त्यावरून बरंच कळतं.

अगदी लहान पिल्लू बघायला गेलात तर त्याला हलक्या हाताने उलटं करून पोट बघा. शेपटीकडच्या भागात, पोटाच्या रुंद खवल्यांच्या मधोमध एक बारीकशी चीर दिसते, ती नाळेची जागा. पहिल्या काही दिवसांत ती उठून दिसते, कधी थोडी ओलसर किंवा कडेने गुलाबी, नंतर मिटत जाते. अंड्यातून आल्यावर साधारण एक-दोन आठवड्यांत पिल्लू पहिली कात टाकतं आणि बहुतेक पिल्लं त्यानंतरच पहिल्यांदा खातात. म्हणजे चीर उघडी आहे, कात टाकलेली नाही आणि विकणारा म्हणतोय "मस्त खातंय", तर ते जुळत नाही.

इथेच "एस्टॅब्लिश्ड" आणि "वेल स्टार्टेड" हे शब्द येतात. याचा अर्थ पिल्लू स्वतःहून, नियमित खातंय. किती वेळा खाल्लं म्हणजे एस्टॅब्लिश्ड हे जो तो आपापलं ठरवतो, म्हणून शब्द सोडा, आकडा विचारा: किती जेवणं झाली, सलग झाली का, काय खाल्लं, आणि स्वतः पकडून खाल्लं की तोंडात घालावं लागलं. एफटी म्हणजे फ्रोझन उंदीर वितळवून दिलेला, पीके म्हणजे आधी मारलेला, लाइव्ह म्हणजे जिवंत. "असिस्ट फेड" असेल तर पिल्लाला खायला मदत लागतेय, ते नवख्या माणसाच्या घरी जायला तयार नाही.

आणि फोटो. काही सापांचा रंग वयानुसार पार बदलतो, ग्रीन ट्री पायथनची पिल्लं पिवळी किंवा लालसर असतात आणि पुढे हिरवी होतात, बॉल पायथनचे बरेच मॉर्फ, म्हणजे जीनमुळे होणारे रंग-नमुन्याचे प्रकार, लहानपणी झगझगीत आणि मोठेपणी मळकट दिसतात. जाहिरातीत फोटो पिल्लाचा आणि साप सब-अडल्ट असं सर्रास असतं. शेजारी आजची तारीख लिहिलेला कागद ठेवून ताजा फोटो मागा, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, चांगले विकणारे स्वतःहून देतात.

पायरी ३: टिंबाचे आकडे

१.० म्हणजे एक नर. ०.१ म्हणजे एक मादी. टिंबाच्या आधी नर, नंतर माद्या. १.२ म्हणजे एक नर दोन माद्या, यालाच ट्रायो म्हणतात, १.१ म्हणजे पेअर. तिसरा आकडा आला तर तो लिंग माहीत नसलेल्यांचा, म्हणजे ०.०.४ ही चार अनसेक्स्ड पिल्लं. एवढंच आहे.

पण नर-मादी ठरवलं कसं ते विचाराच. पॉपिंग लहान पिल्लांत करतात, शेपटीच्या मुळाशी हळूच दाब देऊन हेमिपेनिस (नराची जननेंद्रियं) बाहेर येतात का ते बघतात, आले तर नर पक्का, नाही आले तर मादी किंवा आक्रसून धरलेला नर. प्रोबिंगमध्ये बोथट बारीक सळई व्हेंटमधून, म्हणजे शेपटीच्या मुळाशी असलेल्या छिद्रातून, शेपटीच्या दिशेने सरकवतात आणि ती किती खवल्यांपर्यंत जाते ते मोजतात, नरात खोल जाते, मादीत थोडीच, पण नेमका आकडा जातीनुसार बदलतो आणि नवख्या हाताने इजा होऊ शकते. शिकवणारा समोर असल्याशिवाय दोन्ही गोष्टी घरी करू नका. "शेपटी जाड आहे म्हणून नर" किंवा "स्पर मोठे आहेत म्हणून नर" (स्पर म्हणजे व्हेंटजवळची छोटी नखं) हा अंदाज. पेअर म्हणून घेतलेले दोन नर निघाले असं खूप ठिकाणी होतं, म्हणून "सेक्स्ड बाय प्रोबिंग, चुकलं तर बदलून देऊ" असं लेखी घ्या.

पायरी ४: हेट, आणि टक्क्यांचा खरा अर्थ

हा भाग जरा सावकाश वाचा, सगळ्यात जास्त गोंधळ आणि सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते.

क्लाऊन, अल्बिनो, पायबाल्ड हे बॉल पायथनमधले रिसेसिव्ह जीन. दिसायला दोन कॉप्या लागतात, एक आईकडून एक बापाकडून. दोन असतील तर साप "व्हिज्युअल" क्लाऊन. एकच असेल तर साप दिसायला साधा पण जीन आत आहे, तो "हेट क्लाऊन". फोटोवरून हेट ओळखू येत नाही. काही ब्रीडर "मार्कर" दाखवतात, अमुक ठिकाणी रेघ आहे म्हणजे हेट, काही जीनच्या बाबतीत तसा कल दिसतो पण त्यावर व्यवहार करू नका.

१०० टक्के हेट म्हणजे जीन नक्की आहे, कारण आई किंवा बाप यांपैकी एक व्हिज्युअल होता आणि व्हिज्युअलकडे द्यायला साधी कॉपीच नसते, प्रत्येक पिल्लाला तो जीन जाणारच. म्हणून १०० टक्के हेटसाठी विचारायचा प्रश्न एकच: आई-बापांपैकी व्हिज्युअल कोण, फोटो दाखवा.

६६ टक्के हेट म्हणजे "६६ टक्के जीन" नाही, अर्धवट जीन असं काही नसतं. ती शक्यता आहे. हेट आणि हेट यांची जोडी लावली की सरासरी चार पिल्लांत एक व्हिज्युअल, दोन हेट, एक पूर्ण साधा. व्हिज्युअल ओळखू येतो, तो बाजूला काढला, उरले तीन, दिसायला सगळे सारखे, त्यातले दोन हेट. तीनात दोन, म्हणजे ६६ टक्के. ५० टक्के हेट म्हणजे हेट आणि साधा यांची जोडी, प्रत्येक पिल्लाला जीन मिळण्याची शक्यता निम्मी. "पॉसिबल हेट" किंवा "पॉस हेट" नुसतं लिहिलं असेल, आकडा नसेल, तर ते काहीही असू शकतं, आकडा मागा आणि तो आकडा कुठल्या जोडीतून आला ते मागा.

आता वरच्या जाहिरातीतल्या दोन माद्या घ्या, दोघीही ६६ टक्के हेट क्लाऊन. दोघींपैकी निदान एक खरी हेट असण्याची शक्यता किती? दोघीही साध्या निघण्याची शक्यता एक तृतीयांश गुणिले एक तृतीयांश, म्हणजे नऊत एक, त्यामुळे निदान एक हेट असण्याची शक्यता नऊत आठ. वाईट नाही. पण दोघीही हेट असण्याची शक्यता नऊत चारच, निम्म्याहून कमी, आणि ट्रायो घेणारा मनात धरून चालतो की दोघी आहेत.

डबल हेटमध्येही हेच. "६६ टक्के डबल हेट" लिहिलं असेल तर दोन्ही जीन प्रत्येकी ६६ टक्के, दोन्ही एकत्र असण्याची शक्यता पुन्हा नऊत चार. कॉर्न स्नेकचं उदाहरण यासाठी छान आहे: अमेल (काळा रंग नसलेला) आणि अॅनेरी (लाल रंग नसलेला) यांची जोडी लावली तर सगळी पिल्लं दिसायला साधी आणि दोन्हींना हेट, आणि त्या पिल्लांची आपसात जोडी लावली तर सरासरी सोळात एकच स्नो निघतं, स्नो म्हणजे अमेल आणि अॅनेरी दोन्ही व्हिज्युअल असलेला फिकट साप. सोळात एक ही सरासरी आहे, पहिल्या क्लचमध्ये निघेलच अशी हमी कुणी देत असेल तर ती देता येत नाही.

पॉसिबल हेट खरा आहे का ते कळायचे दोन रस्ते. एक, कात पाठवून डीएनए टेस्ट, काही मॉर्फसाठी ती उपलब्ध आहे, सगळ्यांसाठी नाही. दोन, व्हिज्युअलशी जोडी लावायची. एक जरी व्हिज्युअल पिल्लू निघालं तर हेट सिद्ध झालं, त्याला "प्रूव्हन हेट" म्हणतात. एकही निघालं नाही तर? मादी हेट असती तर प्रत्येक अंड्यातून व्हिज्युअल न निघण्याची शक्यता निम्मी, सहा पिल्लांत एकही नाही म्हणजे चौसष्टात एक, त्यामुळे सहा साध्या पिल्लांनंतर ६६ टक्के हेटची शक्यता घसरून साधारण ३ टक्क्यांवर येते. अशी मादी पुढे "६६ टक्के हेट" म्हणूनच विकणं चुकीचं आहे, म्हणून मोठी मादी घेताना विचारा: हिचे आधी क्लच झालेत का, कुणाशी, काय निघालं.

पास्टेलसारखे जीन वेगळे, तिथे एक कॉपी असली तरी दिसतं आणि दोन असल्या तर वेगळं दिसतं, त्याला "सुपर" म्हणतात, सुपर पास्टेल वगैरे. ब्रीडर याला को-डॉम म्हणतात, खरं नाव इन्कम्प्लीट डॉमिनंट. या जीनसाठी "हेट पास्टेल" कुणी लिहीत नाही, त्यामुळे जाहिरातीत हेट आलं की रिसेसिव्ह समजा.

बॉल पायथनच्या बनाना जीनसोबत "मेल मेकर" आणि "फिमेल मेकर" असे शब्द दिसतील. हा जीन लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रांवर आहे, त्यामुळे ज्या नर बनानाला तो बापाकडून आला त्याची बनाना पिल्लं बहुतांश नर निघतात, आणि आईकडून आला तर बहुतांश माद्या. पूर्वी सगळ्याच सापांत झेडडब्ल्यू पद्धत (मादीत दोन वेगळी लिंग-गुणसूत्रं) असते असं धरलं जायचं, २०१७ साली संशोधनातून दिसलं की काही अजगर आणि बोआमध्ये एक्सवाय (नरात दोन वेगळी) आहे, मग ब्रीडर आधीपासून जे बघत होते त्याचा हिशोब लागला. नर बनाना घेताना हा जीन त्याच्या आईकडून आलाय की बापाकडून, हे विचारून ठेवा.

पायरी ५: तेच टक्के, वेगळा अर्थ

रेटिक्युलेटेड पायथनच्या जाहिरातीत "५० टक्के सुपर ड्वार्फ" दिसतं. हा आकडा हेटसारखा शक्यतेचा नाही, हा रक्ताचा वाटा आहे: आई किंवा बाप शुद्ध सुपर ड्वार्फ होता, म्हणजे कलातोआसारख्या छोट्या बेटांवरच्या, कमी वाढणाऱ्या वंशातला. पण वाटा ५० टक्के म्हणजे साप नेमका निम्म्या लांबीचा राहील असं अजिबात नाही, आणि या जातीत ही चूक महागात पडते कारण मुख्य भूमीवरचा रेटिक फार मोठा होतो. आई-बापाची लांबी, वजन आणि वय विचारा, टक्क्यांपेक्षा त्यातून जास्त कळतं.

"लोकॅलिटी" म्हणजे पूर्वज अमुक भागातले आहेत याची नोंद. नुसतं तसं दिसतं म्हणून लावलेलं नाव ही लोकॅलिटी नाही. "इंटरग्रेड" म्हणजे उपजातींची सरमिसळ, "हायब्रिड" म्हणजे दोन वेगळ्या जातींची, उदाहरणार्थ कारपाँड्रो, कारपेट आणि ग्रीन ट्री पायथनचा. "लाइन ब्रेड" म्हणजे एकाच जीनने न येणारा गुण पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवलेला, त्यात बऱ्याचदा जवळच्या नात्यातल्या जोड्या असतात, ते विचारायला हरकत नाही.

एफ१ चे तर दोन-तीन अर्थ चालतात. ब्रीडर बहुतेक वेळा "जंगली आई-बापाची पहिली पिढी" म्हणून लिहितात, हायब्रिडवाले "पहिला क्रॉस" म्हणून लिहितात, आणि सायटिसचा एफ कोड हे तिसरंच प्रकरण. संदर्भ बघा, आणि शंका असेल तर विचारा.

पायरी ६: ब्रीडिंगचे शब्द

प्रूव्हन हा शब्द दोन जागी येतो. प्रूव्हन हेट वर सांगितलं. प्रूव्हन ब्रीडर म्हणजे या सापाने पिल्लं दिलीत. वरच्या जाहिरातीत "नर प्रूव्हन" आहे आणि "सब-अडल्ट" पण आहे, हे एकत्र बसत नाही, एकतर नर अडल्ट आहे किंवा मेटिंग करताना दिसला एवढ्यालाच प्रूव्हन म्हटलंय. मेटिंग दिसणं आणि फलित अंडी मिळणं वेगळं. "ब्रीडर साइज" किंवा "रेडी टू ब्रीड" म्हणजे वजन झालंय, बस, ते प्रूव्हन नाही.

प्रूव्हन मादीसाठी विचारा: किती क्लच, शेवटचा कधी, किती चांगली अंडी आणि किती स्लग म्हणजे फलित न झालेली, सलग वर्षं ब्रीड केली का, नंतर वजन भरून आलं का. दरवर्षी अंडी काढून थकलेली मादी "प्रूव्हन" म्हणून विकली जाते, मणक्याची रेघ वर आलेली दिसते आणि शेपटीच्या मुळाशी मांस कमी असतं. तिला घरी नेऊन वर्ष-दोन वर्षं आरामच द्यावा लागतो.

ग्रॅव्हिड म्हणजे पोटात अंडी असलेली. अशी मादी घेऊ नका असं मी स्पष्ट सांगेन, जागा बदलण्याचा ताण तिला आणि अंड्यांना दोघांनाही वाईट, आणि बाप कोण हे तुम्ही फक्त ऐकणार. "नराबरोबर कधी ठेवलीच नाही" यालाही मर्यादा आहे: सापाच्या माद्या नराचं बीज बराच काळ साठवू शकतात आणि काही वेळा नराशिवायही पिल्लं होतात. २०२० मध्ये सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात किमान ६२ वर्षांच्या बॉल पायथन मादीने ७ अंडी घातली, आणि ती किमान १५ वर्षं नराच्या जवळपास नव्हती. म्हणून मोठी मादी घेतल्यावर पहिल्या क्लचचा बाप तुमचाच नर आहे असं धरून पिल्लांना हेट लावू नका.

होल्डबॅक म्हणजे ब्रीडरने स्वतःसाठी ठेवलेलं पिल्लू, नंतर विकायला काढलेलं. चांगलंच असतं बऱ्याचदा, पण आता का विकताय हे विचारा. "पेट ओन्ली" म्हणजे ब्रीडिंगसाठी नको, काहीतरी दोष आहे, मणक्यात किंक म्हणजे वाकडेपणा, एक डोळा लहान वगैरे. दोष सांगून विकला तर पाळायला असा साप उत्तम राहू शकतो, न सांगता तोच पुढे ब्रीडिंगला जातो.

आणि काही मॉर्फचं नावच दोष सांगतं. बॉल पायथनमधला स्पायडर घ्या, आतल्या कानातल्या बिघाडामुळे डोकं डुलतं, उलटं वळतं, कमी-जास्त प्रमाणात पण सगळ्यांत असतं, आणि स्पायडरला स्पायडर लावलं तर दोन कॉप्यांची पिल्लं जगत नाहीत. कारपेट पायथनमधल्या जॅग्वारमध्येही असाच त्रास. नावात बम्बलबी असेल तर ते पास्टेल आणि स्पायडर आहे, स्पायडर शब्द न दिसताही. कॉम्बोचं, म्हणजे अनेक जीन एकत्र असलेल्या सापाचं, नाव आलं की आत कोणकोणते जीन आहेत ते एकेक सुटं करून लिहून मागा. मला स्वतःला ही पिल्लं काढणं पटत नाही.

पायरी ७: पैसे देण्याआधी पाठवायचा मेसेज

खालचा मेसेज कॉपी करून आपल्या सापाप्रमाणे बदला:

"नमस्कार, हा साप तुम्ही स्वतः ब्रीड केलाय की कुणाकडून घेतलाय? हॅच तारीख किंवा महिना, आजचं वजन आणि आज तारीख टाकून काढलेला फोटो मिळेल का? नर-मादी कोणत्या पद्धतीने ठरवलं? हेटचा आकडा कोणत्या जोडीतून आलाय, आई-बापाचे फोटो आहेत का? शेवटची पाच जेवणं कधी आणि काय? आधी ब्रीड झाला असेल तर कुणाशी आणि काय निघालं?"

सगळी उत्तरं असायलाच हवीत असं नाही. "लिंग माहीत नाही, हेटची नोंद नाही, साधा साप म्हणून देतोय" असं म्हणणारा माणूस पूर्णपणे प्रामाणिक व्यवहार करतोय, आणि नुसता पाळायला हवा असेल तर असा साप बिनधास्त घ्या, त्याला हेट असो-नसो काही फरक पडत नाही. अडचण आहे ती प्रत्येक उत्तर ठाम पण कागद एकही नाही, अशा ठिकाणी.

मिळालेली उत्तरं, आई-बापाचे फोटो, हॅच तारीख, जेवणाची यादी हे सगळं सापाच्या नावाने एका फोल्डरमध्ये ठेवा आणि पुढे प्रत्येक जेवण, कात आणि वजन त्यातच टाकत जा. कधी साप दुसऱ्याला द्यायची वेळ आली तर तो फोल्डर सोबत द्या, आणि जाहिरातीत तुम्हाला मिळालेलाच शब्द लिहा: ६६ टक्के मिळाला असेल तर ६६ टक्केच, वय अंदाजे असेल तर अंदाजे, आणि मधल्या काळात तुम्ही ब्रीड केला असेल तर काय निघालं तेही खाली.